गाठीतल्या खोल्या

रविवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी दादानं मला हाक मारली आणि सांगितलं, की आज मुंग्या बाहेर आलेल्या नाहीत.

जानेवारी होता, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि इचलकरंजीहून रोज जाऊन-येऊन करायचे. रविवार माझ्या सुट्टीचा. आई ताटं घेत होती. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात.

मागच्या खोलीत दादा स्टुलावर बसला होता. नाक झाडापासून वीतभर.

"कधीपासनं बघतोयस?"

"दुपारपासनं. गुळाचं पाणी ठेवलंय. एकही आली नाही."

"थंडी आहे, दादा. आपल्यालाही पांघरुणातनं निघावंसं वाटत नाही."

"तू बातम्या लिहितीस ना? मग बघितल्याशिवाय बोलू नको."

तो असं बोलला की मला बरं वाटायचं. टोमणा मारायला माणूस जागेवर लागतो.

ज्याला आम्ही झाड म्हणायचो, ती खरं तर एक गाठ होती. सोललेल्या नारळाएवढी, करडी, खडबडीत. वर दोन बोटभर जाड फांद्या आणि चामड्यासारखी हिरवी पानं. ते मातीत वाढत नाही. मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर राहतं. दादानं ते एका ओंडक्याला काथ्यानं बांधलं होतं. ओंडका आमच्या जुन्या कॅरमबोर्डावर, बोर्ड एका चौरंगावर, आणि चौरंगाचे चार पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली आई ठेवायची तशा. फरक एवढाच, की आईच्या वाट्या मुंग्यांना वर चढू द्यायच्या नाहीत, आणि दादाच्या वाट्या खाली उतरू द्यायच्या नाहीत.

गाठीला बारीक भोकं होती. आत मुंग्या राहायच्या, तांबूस काळ्या, तिळापेक्षा लहान. आल्या आल्याच दादानं मला सगळं समजावलं होतं. आत खोल्या असतात, त्या झाड स्वतःच तयार करतं. काही खोल्यांच्या भिंती गुळगुळीत, तिथं मुंग्या राहतात, पिल्लं वाढवतात. काही खोल्यांच्या भिंती खरखरीत, तिथं त्या आपलं खरकटं आणि आपले मेलेले नेऊन टाकतात. झाड ते खातं.

"म्हणजे घरभाडंच की," मी म्हटलं होतं.

"भाडं नव्हे. घरच त्यावर उभं आहे."

दादा, म्हणजे जिनपाल मगदूम, अंदमानात बंदराच्या बांधकामावर ओव्हरसियर होता. शेवटची बदली दक्षिणेकडच्या एका लहान बेटावर झाली. त्सुनामी आली तेव्हा वैजूवहिनी आणि त्यांची सात वर्षांची संपदा त्याच्याबरोबर होत्या. दोघी गेल्या, दादा वाचला. दीड दिवसानं त्याला किनाऱ्यापासून बऱ्याच आत एका झाडावरून उतरवलं, एवढंच त्याच्या खात्यातल्या माणसानं फोनवर सांगितलं होतं. पुढच्या दिवाळीच्या आसपास तो घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी होती, आणि पिशवीत ओल्या लुंगीत गुंडाळलेली ही गाठ. त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. वहिनींचं नाव नाही, संपीचं नाही. बोलायचा तो फक्त झाडाबद्दल. बोअरचं पाणी खारट आहे, त्याला पावसाचं साठवलेलं पाणी लागतं. ऊन नको, उजेड पाहिजे. खत नको. हवा दमट पाहिजे आणि ऊबदार.

दमट आणि ऊबदार हवा आमच्या मागच्या खोलीत आयती होती. तिची एक भिंत शेजारच्या आवटींच्या सायझिंगला लागून. सुताला खळ देण्याच्या त्या कारखान्याचा बॉयलर पलीकडे चोवीस तास पेटलेला असायचा. भिंतीला पाठ टेकली तर शेकून निघायची. इचलकरंजीच्या उकाड्यात त्या खोलीत कुणी झोपत नसे, ती दादानं घेतली. बेटावरची मुंगी तिथं वर्षभर जगली, वाढलीसुद्धा.

मिरजेच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, "त्यांना कशात तरी जीव रमवू द्या." आईनं ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं होतं. ती मला म्हणायची, "उजे, त्या मुंग्या हायत म्हणून ह्यो ताटावर बसतोय. त्या गेल्या की मला ह्याची आशा न्हाई."

म्हणून त्या रविवारी, मुंग्या बाहेर आल्या नाहीत हे ऐकून ती हात पुसत दारात आली. नुसती दादाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"जेवून घे," ती शेवटी म्हणाली. "दिवस चाललाय."

"बॉयलर बंद आहे," दादा म्हणाला. भिंतीवर तळवा ठेवून. "हे कारण आहे. भिंत गार आहे."

खरंच होतं. मजुरीवरून मागवाल्यांचा बंद सुरू होता. माग थांबले म्हणजे सायझिंग थांबलं. गावात इतकी शांतता होती, की कावळे ऐकू यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चप्पल घालून निघाला. वर्षभरात तो पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडत होता. मी मागोमाग गेले. आवटी कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"आवटीसाहेब, दिवसातनं दोन तास बॉयलर लावाल का? लाकडाचं मी बघतो."

"काय झालं? पाणी तापवायचंय?"

"मुंग्यांना ऊब पाहिजे."

आवटींनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही.

"जिनपाल, बाबा, मजूर उपाशी, मालक उपाशी, आणि तुझ्या मुंग्यांना शेक?" मग त्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "बॉयलर पेटवला तर बंद फोडला म्हणून दगडं पडतील रे. ऑफिसातला हीटर घेऊन जा. पण कुणाला सांगू नको कशाला नेलास. माझी इज्जत जाईल."

हीटर आला. ओली पोती खिडकीला टांगली. दादा तासातासाला पोत्यांवर पाणी मारायचा. खोलीत परत घाम यायला लागला. मंगळवारी चार-पाच मुंग्या भोकाशी आल्या आणि तिथंच थांबल्या. पाय हलायचे, पण जागा सुटायची नाही.

आईनं त्या बघितल्या. "आल्या बघ!" म्हणाली आणि लगबगीनं पीठ आणायला गेली.

या पिठाची हकिगत अशी. आमच्या समोर सूत-दलालाच्या घरातल्या सोहनीबाई राहायच्या, मारवाडातल्या. मार्गशीर्षात त्यांनी आईला सांगितलं, "काकी, मुंगीला पीठ-साखर घाला. एका मुठीत हजार जीव जेवतात. ज्याच्या नावानं घालाल त्याला लागतं. माझ्या सासूनं जन्मभर घातलं."

"आमच्यात असलं नसतंय," आई म्हणाली होती.

"तुमच्यात जीवदया नसते?"

तिसऱ्या दिवशी तिनं कोठीतल्या पिंपातले तांदूळ काढले, मिक्सरवर बारीक केले, त्यात पिठीसाखर घातली आणि वाटी घेऊन दादाच्या दारात उभी राहिली. घरात मध येत नाही, अंडं येत नाही. दादा मुंग्यांना गुळाचं पाणी आणि दुधाची पावडर देत होता. आणखी काय देता येईल या विवंचनेत तो होताच. त्यानं एक चिमूट घेऊन बोर्डावर टाकली. थोड्याच वेळात भोकापासून चिमटीपर्यंत रांग लागली.

"आई, ये, बघ," तो म्हणाला.

वर्षभरात त्यानं तिला पहिल्यांदा त्या खोलीत बोलावलं होतं. ती चौरंगाशी मांडी घालून बसली. दोघं बघत राहिले. एकेक मुंगी एकेक कण उचलायची आणि आत जायची. ती नंतर मला म्हणाली, "माझा हात धरून बसला होता ग. कळतंय का तुला, हात धरून!" तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की वाटी घेऊन ती आत जायची. दादा उठून तिला स्टूल द्यायचा. ती चिमूट टाकायची, ओठांत णमोकार म्हणायची.

मुंग्या मंदावल्या तसं तिनं पीठ वाढवलं. सकाळची एक चिमूट होती, ती दोन वेळा मूठभर झाली. भोकाशी थांबलेल्यांच्या अगदी तोंडाशी ती पीठ ठेवायची. "अशक्त झाल्यात. एवढं खाऊन घ्या ग बायांनो."

बुधवारी दादानं गाठीला कान लावला. मग मला लावायला सांगितला.

"पूर्वी आत कुजबुज असायची. रेशमी कापड सरकवल्यासारखी. येते का ऐकू?"

मला काही ऐकू आलं नाही. पूर्वीही आलं नव्हतं.

"राणी असेल तर परत होईल सगळं," तो म्हणाला. "राणी एकटी उरली तरी चालतं."

गुरुवारी बंद मिटला. दुपारी बॉयलर पेटला, भिंत तापली, गावभर माग खडखडायला लागले. दादानं हीटर बंद केला, पोती नवी भिजवली आणि वाट बघत बसला. शुक्रवारी मी रजा टाकली. दुपारी तीनच्या सुमारास त्यानं माझ्याकडे लोखंड कापायच्या करवतीचं पातं मागितलं.

"झाड मरेल," मी म्हटलं.

"झाड मरत नाही. मुंग्या नसल्या तरी ते मरत नाही. त्याचं काही अडत नाही."

त्यानं एका बाजूनं, कलिंगडाची फोड काढावी तसा तुकडा कापून काढला. आत खोल्या होत्या. तो सांगायचा तशाच, एकीतून दुसरीत वाट. गुळगुळीत भिंतींच्या खोल्या तपकिरी, झिलई दिल्यासारख्या. सगळ्या भरलेल्या होत्या. मुंग्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. त्यांच्या मध्ये पांढऱ्या कण्या, त्यांची पिल्लं. काही कण्या अजून तोंडांत होत्या. सर्वांत आतल्या खोलीत बाकीच्यांहून चौपट मोठी एक मुंगी होती. दादानं झाडूच्या काडीनं तिला हलवलं. ती काडीबरोबर हलली आणि काडी काढल्यावर थांबली.

मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता, त्या खोल्यांकडे बघत.

"पहिल्या लाटेत वैजू गेली. कुठल्या बाजूला गेली ते बघितलं नाही. मी संपीला धरलं होतं. पाण्यानं आम्हाला आत रेटत नेलं आणि एका झाडावर आपटलं. एका हातानं मी फांदी धरली. दुसऱ्या हातात संपी. मनगट धरलं होतं, पंजा नव्हे. मनगट सुटत नाही."

पलीकडे मागांचा खडखडाट चालला होता. मला पुढे झुकून ऐकावं लागत होतं.

"ही गाठ माझ्या तोंडासमोर होती. एवढ्यावर. पाणी चढत होतं. खालच्या भोकांत पाणी शिरलं तशा ह्या वरच्या भोकांतनं बाहेर आल्या. शेकड्यांनी. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी कणी. माझ्या हातावरनं, गळ्यावरनं, कपाळावरनं चढून वर गेल्या. उजे, एकीनंही तोंडातलं सोडलं नाही. पाण्यात पडली तीसुद्धा कणी वर धरून होती. मी बघत राहिलो. असं काही मी कधी बघितलं नव्हतं."

"दादा..."

"मी ह्यांच्याकडे बघत होतो. मग बघितलं तर हात मोकळा होता. कधी सुटला ते मला माहीत नाही. पाणी उतरल्यावर ह्या परत आत गेल्या. सगळं घेऊन."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तेवढ्यात दारात आई आली. हातात वाटी.

"काय केलंस हे?" कापलेल्या गाठीकडे बघून ती म्हणाली. मग पुढे आली, वाकून बघितलं आणि तिला कळलं. "सगळ्या?"

"सगळ्या," दादा म्हणाला.

"ऊब कमी पडली बघ. चार दिवस भिंत गार होती. मी तर घालत होते रे पीठ. कमी नव्हतं केलं."

तिनं वाटी बोर्डावर ठेवली. दादानं सवयीनं तीतून चिमूट घेतली. टाकायला हात पुढे केला आणि थांबला. त्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. पुन्हा घासली. मग बोट कॅरमबोर्डावर, मुंग्यांच्या रांगेच्या जागेवरून सरकवलं. कॉलेजात असताना तो गल्लीत कॅरमचा राजा होता. बोर्डावर बोरिक पावडर किती झाली, ते बोट फिरवून सांगायचा. ती घसरण त्याच्या बोटांना पाठ होती. त्याच्या बोटाकडे बघताना मलाही समजलं.

"आई, तांदूळ कुठले?"

"पिंपातले."

"कुठल्या पिंपातले?"

आई म्हणाली, "आंबेमोहोराच्या. तुम्ही सगळी मे महिन्यात येणार होता म्हणून भरून ठेवला होता मी. संपीला त्याचाच भात लागायचा. तो आता कुणी शिजवायचा? म्हटलं, तिच्या नावानं मुक्या जिवांच्या तोंडी जाऊ दे."

"कीड नाही लागली दोन वर्षांत?"

"लागंल कशी? बोरिक चोळून ठेवलाय. दर उन्हाळ्यात परत चोळतोय की. कीड झाली तर मारायचं पाप, त्यापेक्षा होऊच द्यायची न्हाई." हे ती थोड्या अभिमानानंच म्हणाली.

शिजवायचा तांदूळ तीन पाण्यांनी धुतात. मुंग्यांना घालायचा कोण धुतं?

मी तोंड उघडलं. दादानं माझ्याकडे बघितलं आणि मी बंद केलं. त्यानं चिमूट परत वाटीत सोडली, बोटं लुंगीला पुसली.

"चांगलं केलंस, आई," तो म्हणाला.

"लागलं असंल का रे तिला?"

"लागलं असेल."

आईनं डोळ्यांना पदर लावला. जाता जाता कापलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "हळद लाव तिथं. उघडं ठेवू नको."

ती गेल्यावर दादानं तुकडा परत जागेवर बसवला आणि दोऱ्यानं बांधला. मुंग्या आतच राहू दिल्या. "तिला सांगायचं नाही," तो म्हणाला. "कधीच नाही." मी हो म्हटलं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत तो ताटावर बसला आणि पोटभर जेवला. आईनं मला नजरेनं खुणावलं, बघ, जेवतोय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो कामावर रुजू व्हायला निघाला. आईला आनंद झाला. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून दिल्या. मी मिरजेला गाडीपर्यंत गेले. "झाड तू सांभाळ," तो म्हणाला. "पावसाचं पाणी. दुसरं काही लागत नाही." चेन्नईहून त्याचा फोन आला, उद्या बोट आहे म्हणून. आवाज स्वच्छ होता. आईनं विचारलं, चटणी खाल्लीस का. तो म्हणाला, संपली.

तो कामावर हजर झाला नाही. चौकशी केली तेव्हा एवढं समजलं, की तो पोर्ट ब्लेअरच्या बोटीत चढला होता. चढणाऱ्यांची तिकिटं तपासतात. उतरणाऱ्यांना कुणी विचारत नाही. मी दोनदा जाऊन आले. त्या बेटावरही गेले. तिथल्या धक्क्यावरच्या एका माणसानं फोटो बघून आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं. यापुढची खात्रीची माहिती आमच्याकडे नाही.

झाडाला त्या मार्चमध्ये एकदम सहा नवी पानं फुटली. इतकी टवटवी त्याला पूर्वी कधी आली नव्हती. आतल्या खोल्या मेलेल्यांनी भरलेल्या होत्या. आईनं पानांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, पुण्य वाया जात न्हाई." मी पावसाचं पाणी घातलं.

आता आई चौऱ्याऐंशीची आहे. आवटींचं सायझिंग बंद पडलं, तिथं गोडाऊन झालं, पण झाड टिकून आहे. गाठ भोपळ्याएवढी झाली. कापलेली जागा भरून आली, फक्त एका कोपऱ्यात कण्हेरीच्या बीएवढं भोक राहिलं. चौरंगाच्या पायांखालच्या वाट्या मी कधीच काढून टाकल्या. उतरणारं कुणी नव्हतं.

आई अजून रोज पीठ घालते, आता जिनपालच्या नावानं. अंगणात, पायरीवर, झाडाच्या बुडाशी. मी तिला थांबवू शकत नाही, कारण सांगावं लागेल. म्हणून मी तांदूळ तीन पाण्यांनी धुते, गच्चीवर वाळवते आणि तिच्या हाताशी असलेल्या पिंपात भरून ठेवते. शेजारी दुसरं पिंप आहे, शिजवायच्या तांदळाचं. त्याला ती स्वतः बोरिक चोळते, ते काम ती मला करू देत नाही. दोन्ही पिंपं एकसारखी आहेत. पूर्वी ती झाकणाच्या रंगावरून ओळखायची. गेल्या वर्षापासून तिला रंग नीट दिसत नाहीत.

गेल्या मंगळवारी सकाळी मी पाणी घालायला मागच्या खोलीत गेले. बुडाशी तिनं टाकलेलं ताजं पीठ होतं. त्या कोपऱ्यातल्या भोकाशी एक मुंगी होती. आपली अंगणातली, साधी काळी, पण पोट मोठं आणि पाठीवर पंख गळाल्याच्या खुणा. नवं घर शोधणारी राणी अशी दिसते, हे दादानंच मला शिकवलं होतं. तिच्या तोंडात एक पांढरा कण होता. ती भोकाच्या काठावर थांबली, मिशा हलवल्या आणि आत गेली.

ते पीठ कुठल्या पिंपातलं होतं, ते मी आईला विचारलं. ती म्हणाली, तांदळाचं.